'सेटिंग बंद करा' म्हणणं सोपं आहे

नमस्कार. आधी आभार, कारण व्हॉट्सॲप आपल्याला नकळत कशा सवयी लावतं या माझ्या लेखावर 'छान लेख' एवढं लिहून पुढे जाण्याऐवजी तुम्ही भांडायला वेळ काढलात. तुमचे मुख्य मुद्दे तीन आहेत. व्हॉट्सॲप हे निव्वळ साधन आहे, सुरीने भाजी चिरायची की बोट कापून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, हा पहिला. पूर्वी पत्राची वाट बघतानाही माणसं कासावीस होतच होती, मग यात नवं काय, हा दुसरा. आणि ब्लू टिकचा एवढा जाच होत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा, रडगाणं कशाला, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

ब्लू टिक आली २०१४च्या नोव्हेंबरात. त्याआधी दोन करड्या टिक दिसायच्या. मेसेज समोरच्याच्या फोनपर्यंत गेला, एवढंच त्यातून कळायचं. वाचला की नाही, हे गुलदस्त्यात. निळ्या रंगाने ते गुलदस्त्यातलं बाहेर काढलं आणि एवढी ओरड झाली की ती बंद करायची सोय लगोलग आणावी लागली. पण त्या सोयीच्या अटी बघा. स्वतःची टिक बंद केलीत की दुसऱ्याचीही तुम्हाला दिसत नाही. ग्रुपमध्ये ती बंद करताच येत नाही. व्हॉइस नोट ऐकल्याची खूणही जात नाही. आणि मुळात ती सगळ्यांची चालूच असते. चालू ठेवणाऱ्याला बोटही हलवावं लागत नाही. बंद करणाऱ्याला मात्र कधी ना कधी कोणीतरी विचारतंच, 'काय हो, तुमच्या टिक निळ्या होत नाहीत, काही लपवताय का?' बटण माझ्या फोनमध्ये आहे हे खरं, पण ते दाबल्याचा अर्थ समोरचा लावणार. तिथे माझी सत्ता चालत नाही. घरातल्या माणसाशी एकवेळ बोलून मोकळं होता येतं. वरिष्ठांना काय सांगणार?

म्हणून लोकांनी चोरवाट काढली. तुम्हीही नीट बघा, आजूबाजूला दिसेल. मेसेज आला की चॅट उघडायचं नाही. अंगठ्याने वरचा पडदा खाली ओढायचा, नोटिफिकेशनमध्ये दिसतात तेवढ्या ओळी वाचायच्या आणि पडदा सोडून द्यायचा. मजकूर लांब असला तर शेवटची ओळ कापली जाते, ती तर्काने भरून काढायची. आता उत्तराची जुळवाजुळव करायला उसंत मिळते आणि टिक करडीच राहते. मोठी, जबाबदार, एरवी सरळ वागणारी माणसं हे रोज करतात आणि त्यात आपण काही विशेष करतोय असं त्यांना वाटतही नाही. ही सवय कोणी ठरवून लावून घेतलेली नाही. रंगाचा एक निर्णय कोणीतरी घेतला, त्याच्या पोटी ही आली. लेखात मला म्हणायचं होतं ते हेच.

आणि 'ऑनलाइन' ही अक्षरं? 'लास्ट सीन' लपवायची सोय आधीपासून होती, पण आपण ॲप उघडून बसलोय हे लपवायची सोय २०२२मध्ये आली. ॲप २००९चं. मधली सगळी वर्षं रात्री एक वाजता जागे असलात तर ते तुमचा नंबर असलेल्या कुणालाही कळू शकत होतं.

आता पत्रांबद्दल. वाट बघणं जुनंच आहे, यात वाद नाही. पण पत्र पाठवणाऱ्याला ते कधी पोहोचलं आणि कधी वाचलं गेलं याचा पत्ता नसायचा. उत्तर आलं नाही तर पोस्टाला दोष देता यायचा. आजारपण, प्रवास, घरचं काही, अशी शंभर कारणं मनात तयार असायची आणि नाती त्या कारणांच्या आडोशाने टिकायची. पोहोचल्याचा पुरावा हवाच असेल तर रजिस्टर करून पोचपावती मागवता यायची. ती कोण मागवायचं? वकिलाची नोटीस पाठवणारे, नोकरीचा राजीनामा धाडणारे, पैशाचा तंटा असलेले. मावशीला खुशालीचं पत्र लिहिताना कोणी पोचपावती जोडत नव्हतं. आज 'निघालास का?' या दोन शब्दांनाही पोचपावती जोडलेली असते, तीही न मागता. मग वाचूनही उत्तर न देणं हे आपोआप उत्तर ठरतं. फरक आहे तो इथे. वाट बघण्याचा काळ उलट कमीच झालाय.

राहिली तुमची सुरी. साधन निर्विकार असतं आणि सवय सर्वस्वी आपली असते, हे मान्य केलं तर एक गोष्ट मला समजावून सांगा. जानेवारी २०१९मध्ये व्हॉट्सॲपने जगभरात मेसेज एका वेळी फार तर पाच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. भारतात ती २०१८मध्येच आली होती, जमावाच्या हत्यांमागे फिरणाऱ्या अफवा होत्या म्हणून. कंपनीनेच नंतर सांगितलं की त्यामुळे जगभरातले फॉरवर्ड पंचवीस टक्क्यांनी घटले. एप्रिल २०२०मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल असा नियम आला आणि तसे मेसेज सत्तर टक्क्यांनी कमी झाले, हेही त्यांचंच म्हणणं. या काळात माणसं काही शहाणी झाली नव्हती. सकाळी उठून न वाचता पुढे ढकलायची खाज तीच होती. फक्त ढकलायला दोन-चार टिचक्या जास्त लागू लागल्या. सवय सर्वस्वी आपली असती तर ती एवढ्याशा अडसराने ढेपाळली नसती.

याचा अर्थ माणसाची काहीच जबाबदारी नाही असा नाही, आणि मी तसं लिहिलंही नव्हतं. अफवा पाठवणारा तो पाठवणाराच. पण एका वेळी किती ठिकाणी पाठवता येईल, हा मूळ आकडा कुणी किती ठेवला, हेही विचारायला हवं की नाही?

व्हॉइस नोटमुळे टाईप न येणारी वडीलधारी माणसं बोलती झाली, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. २०१३च्या त्या सोयीने जेवढं भलं केलं तेवढं बाकी कशानेच केलं नसेल. (पुढे २०२१मध्ये वेग वाढवून ऐकायची सोय आली आणि आता आईचा निरोप दुप्पट वेगात ऐकणारे मला माहीत आहेत. मीही ऐकते. घाई असते.)

शेवटी तुम्ही खोचकपणे विचारलंय की मी स्वतः ब्लू टिक बंद केली आहे का. नाही, चालूच आहे. कामाच्या ग्रुपमध्ये त्याने काही फरक पडत नाही, आणि घरी बंद केली तर विचारणा होईल. ग्रुप मात्र बरेच कायमचे म्यूट केलेत. २०२०च्या ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त वर्षभरासाठीच म्यूट करता यायचं. तुम्हाला ठाऊक नसेल तर करून बघा, ग्रुपमधल्या कुणालाही कळत नाही.