चादरीत पाकिस्तान शोधणाऱ्यांना उत्तर

"बॉम्बे डाईंगचं काळं सत्य" या मथळ्याचा मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो मामांनी पाठवला, मामांना त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता. असले मेसेज मी एरवी न वाचताच पुसतो. पण हा वाचून आमच्या फुईने (आत्याने) नातीच्या रुखवतासाठी आणलेल्या चादरी आणि टॉवेल बाजूला काढायला लावले. "पाकिस्तानच्या पैशाचं काही मांडायचं नाही," म्हणाली. पैसे मोजून आणलेला माल, धागासुद्धा उसवलेला नाही, आणि तो माळ्यावर गेला. म्हणून हे लिहितोय.

मेसेज ज्यांनी वाचला नाही (सुखी आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. चादरी-टॉवेल बनवणारी बॉम्बे डाईंग कायमची बंद झाली. मालक जिनांचा नातू, त्यामुळे कंपनी उभी राहिली ती जिनांच्या पैशावर आणि नफा गेला पाकिस्तानात. कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या गिरणी संपाने तिचं कंबरडं मोडलं, मग अंबानींनी ती गिळली आणि उरलेलं चिनी चादरींनी संपवलं. सगळ्यात खाली एक लिंक: "शिल्लक माल, डबल बेडशीट १९९ रुपये, शेवटचे दोन तास."

आधी जिनांचंच घेऊ, कारण रुखवत त्यापायी मोडलं.

कंपनीचे मालक नस्ली वाडिया हे जिनांचे नातू आहेत, हे खरं. मेसेजमधलं पूर्ण खरं वाक्य तेवढंच, आणि बाकीचा खोटेपणा त्याच वाक्याच्या आधाराने खपतोय. कंपनी सुरू झाली १८७९ साली, नौरोसजी वाडियांनी सुरू केली. सुताला लाल, हिरवा, नारिंगी रंग द्यायचा आणि ते उन्हात वाळवायचं, एवढाच तेव्हाचा उद्योग. जिनांचा जन्म डिसेंबर १८७६ चा. म्हणजे कंपनी निघाली तेव्हा हे गृहस्थ तीन वर्षांचेही नव्हते. तीन वर्षांच्या पोराने कराचीत बसून मुंबईच्या सूतरंगणीत पैसा घातला, असं मामांना म्हणायचं आहे का?

वाडिया कोण होते तेही सांगतो, कारण ते आपल्यापासून फार लांबचे नाहीत. मूळचे सुरतेचे पारशी, म्हणजे आपल्याच तापीच्या त्या टोकाचे. त्यांचा मूळपुरुष लवजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला गेला तो गोदी बांधायला. पुढे या घराण्याने ब्रिटिश आरमारासाठी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर उभं आहे. पैसा त्या घरात जिनांच्या आधी शंभर-दीडशे वर्षांपासून होता.

आता नातं. जिनांची एकुलती एक मुलगी दीना. तिने १९३८ साली नेव्हिल वाडियांशी लग्न केलं, ते बापाच्या मनाविरुद्ध. नेव्हिल पारशी घराण्यातले म्हणून जिनांचा विरोध होता, आणि जिनांची स्वतःची बायको रत्तीबाई पारशी, पेटिटांची मुलगी! फाळणी झाली तेव्हा बाप तिकडे गेला, मुलगी इथेच राहिली. ती १९४८ साली बापाच्या अंत्यविधीला पाकिस्तानात गेली, त्यानंतर थेट २००४ साली. नफा तिकडे पाठवणाऱ्या बाईचा तिकडचा राबता जरा जास्त असता, नाही का?

नस्लींबद्दल एक गोष्ट मेसेजवाल्याने मुद्दाम गाळली, किंवा त्याला ती माहीतच नसेल. १९७१ साली नेव्हिल वाडिया ही कंपनी विकून परदेशात स्थायिक व्हायला निघाले होते. तेव्हा पोरगा बापाविरुद्ध उभा राहिला. जे. आर. डी. टाटांचं पाठबळ घेतलं, कामगार-कर्मचाऱ्यांना बरोबर घेतलं आणि विक्री हाणून पाडली. मला देश सोडायचा नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ज्याने इथे राहण्यासाठी बापाशी भांडण घेतलं, त्याला आज आपला भजनी मंडळाचा ग्रुप पाकिस्तानात पाठवतोय.

आणि बहिष्कारच घालायचा असेल तर पूर्ण घाला. ब्रिटानिया ह्याच वाडिया समूहाची. म्हणजे फुईने सकाळ-संध्याकाळच्या चहातली मारी बिस्किटंही सोडायला हवीत. हे मी तिला फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती, मग "ते वेगळं" म्हणाली.

कंपनी बंद झाली, हा मुद्दा. नाही झाली. शेअर बाजारात आजही तिची नोंद आहे, चादरी आजही मिळतात. मे २०२३ मध्ये याच समूहाची गो फर्स्ट ही विमान कंपनी थांबली आणि तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ती बातमी कुणीतरी हिच्या गळ्यात बांधली असावी. मात्र नावाला पूर्वीचा मान राहिला नाही, हे मान्य करतो. तालुक्याच्या गावातल्या कापड दुकानावरसुद्धा एकेकाळी ते नाव मोठ्या अक्षरांत असायचं. लग्नात टॉवेलचा आहेर आला की आधी काठावरचं लेबल बघायचे. ते दिवस गेले. ते का गेले ते मेसेजात कुठेच नाही. ते आहे कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये शेअर बाजाराला दिलेल्या पत्रात.

त्या पत्रात म्हटलंय की वरळीची सुमारे २२ एकर जमीन कंपनी विकते आहे. घेणारी गोइसू रियल्टी, म्हणजे जपानच्या सुमितोमो समूहातली कंपनी. किंमत सुमारे ५,२०० कोटी रुपये. त्यातले ४,६७५ कोटी पहिल्या टप्प्यात, उरलेले ५२५ कोटी अटी पूर्ण झाल्यावर. ही जमीन गिरणीची, जिथे एकेकाळी माग चालत होते. ५,२०० कोटी मिळवायला किती चादरी विकाव्या लागतील, त्याचा हिशेब मामांनी करावा, ते पोस्टातून निवृत्त झालेत, आकडेमोड पक्की आहे.

खेळ इथेच होता. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ चा नियम असा होता की एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली तो नियम बदलला आणि ही वाटणी फक्त गिरणीतल्या रिकाम्या जागेपुरती ठेवली. इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, उच्च न्यायालयाने गिरणीवाल्यांच्या विरोधात निकाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्या खटल्यात अपील करणारी पहिली कंपनी कोणती? बॉम्बे डाईंग. निकालाच्या नावातच ती आहे. दादरच्या स्प्रिंग मिलच्या जागेवर आज उंच टॉवर आहेत. त्याच गिरणीच्या जागेवर कामगारांसाठी बांधलेल्या घरांची म्हाडाने २०२० साली सोडत काढली. मागावर आयुष्य काढलेल्यांनी चिठ्ठी निघते का त्याची वाट बघायची.

हायवेला लागून शेत असलेला आपल्याकडचा माणूस कापूस लावायचा सोडून एनए (बिगरशेती) करून प्लॉट पाडतो, तसंच हे, फक्त आकडे मुंबईचे. त्याला कुणी पाकिस्तानी म्हणत नाही.

शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२२ मध्ये कंपनीवर आणि मालकांवर कारवाईचा आदेश काढला होता, त्याला अपिलात स्थगिती मिळाली. पण आरोप कशाचा होता बघा: फ्लॅटच्या विक्रीचे आकडे फुगवल्याचा. कंपनीचं चित्त कशात होतं ते आरोपावरूनही कळतं. आणि आज कंपनीचं सगळ्यात जास्त उत्पन्न येतं ते पॉलिस्टरच्या तंतूतून, पाताळगंगेच्या कारखान्यातून. कापूस पिकवणाऱ्या खानदेशाने राग धरायचाच असेल तर याचा धरावा. पण त्यात जिना नाहीत, म्हणून तो मेसेज कुणी बनवत नाही.

आता संप. इथे मला राग आवरत नाही, कारण मामांचे वडील अमळनेरला प्रताप मिलमध्ये होते. गिरणी कामगाराचा मुलगा "लाल बावट्याने वाट लावली" असं पुढे ढकलतो! (सामंतांचा बावटा लालही नव्हता, पण ते जाऊ द्या.) संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो कधी अधिकृतपणे मागेही घेतला गेला नाही. नुकसान झालं, प्रचंड झालं, काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. एवढं अर्धसत्य मी मान्य करतो. पण बॉम्बे डाईंगच्या गिरण्या संपानंतर वीसेक वर्षं चालल्या. करण कपूरचे फोटो असलेल्या त्या जाहिराती आठवतात का? लोक ज्या दिवसांची आठवण काढून हळहळतात, त्यांतले बरेचसे संपानंतरचेच आहेत. कंबरडं मोडलेली कंपनी इतकी मिरवत नाही.

शिवाय संप मुंबईतला. प्रताप मिल त्यात नव्हती, जळगावची खानदेश मिलही नव्हती. तरी दोन्ही गेल्या. खानदेश मिलच्या जागेवर आज खानदेश सेंट्रल मॉल आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं, मामा तिथे फिरायलाही जातात. तिथे कुठल्या दत्ता सामंतांनी संप केला होता? गिरणीचं कापड महाग पडत होतं, कारण भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कमी मजुरीत तेच विणत होता, आणि सुरतेहून पॉलिस्टर येत होतं. जुनी यंत्रं बदलायला मालक पैसा काढत नव्हते. धुळ्या-मालेगावच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये.

अंबानींनी गिळली, हे साफ खोटं, कंपनी आजही वाडियांकडे आहे. ऐंशीच्या दशकात दोघांचं जोरदार भांडण झालं हे खरं, पण ते चादरींवरून नव्हतं. पॉलिस्टरच्या कच्च्या मालावरून होतं: वाडियांचं डीएमटी, रिलायन्सचं पीटीए. बाजार शेवटी पीटीएकडे गेला. त्याचा फुईच्या टॉवेलशी काही संबंध नाही.

चिनी चादरींवर वेळ घालवत नाही. जळगावच्या फुले मार्केटात जाऊन गठ्ठे उलटून बघा: पानिपत, सोलापूर, सुरत. अमेरिकेत सुती चादरी सगळ्यात जास्त आपल्याच देशातून जातात.

राहिली ती लिंक. मला वाटतं सगळा मेसेज तिच्यासाठीच लिहिलाय, वरचा जिना आणि सामंत हा नुसता चारा. आधी रागावायला लावायचं, मग स्वस्तात लुटायला बोलवायचं, आणि एकाच मेसेजात "यांचं घेऊ नका" आणि "यांचं १९९ ला घ्या" हे दोन्ही कसं, असं कुणी विचारत नाही! लिंक उघडली तर कंपनीचं नाव एका ठिकाणी चुकीचं लिहिलेलं, पत्ता नाही, पार्सल घरी आल्यावर पैसे द्यायची सोय नाही, आधी कार्ड नाहीतर यूपीआय. मामांनी उघडली होती, पण चष्मा सापडला नाही म्हणून पिन टाकायचा राहिला. मंडळातल्या कुणी टाकला असेल तर लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन लावा, बँकेला कळवा, आणि ज्या क्रमांकाला पैसे गेले त्याचा स्क्रीनशॉट पुसू नका. पहिले काही तास हातचे गेले की रक्कम अडवणं अवघड होतं.