भाच्याला, करारावर सही करण्याआधी

काल रात्री भाच्याचा फोन. "मामा, इन्क्युबेशनला सिलेक्शन झालं! सरकारी आहे, इक्विटी मागत नाहीत. म्हणजे फुकटच की!" इन्क्युबेशन म्हणजे नव्या कंपनीला जागा, पैसा, सल्ला देऊन उभं करणं, आणि इक्विटी म्हणजे कंपनीतला हिस्सा. स्वारी एवढी खुशीत होती की मी नुसतं अभिनंदन केलं. उरलेलं इथे लिहितो, वाचेलच तो.

बडोद्यातल्याच एका सरकारी पैशावर चालणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये मी दीड वर्ष काढलंय. कारखान्यातल्या दाबाच्या हवेच्या पाइपलाइनची गळती पकडणारं छोटं यंत्र करत होतो. लाइन गळकी असली की हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर उगाच धापा टाकत बसतो आणि वीजबिल शेठच्या माथी. नमुना बनवायला दमडी द्यायला कोणी तयार नव्हतं. बँकेला तारण हवं, गुंतवणूकदाराला आधी दहा गिऱ्हाइकं हवीत. तेव्हा सरकारच उपयोगी पडलं, हे मी विसरणार नाही. स्टार्टअप इंडिया सीड फंड या केंद्राच्या योजनेतून नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. हार्डवेअरवाल्याला हा केवढा आधार, ते त्यालाच विचारा.

पण तो पैसा हप्त्याने येतो आणि हप्ता माइलस्टोनला, म्हणजे करारात लिहिलेल्या टप्प्याला बांधलेला. घोळ तिथे होतो.

अर्जात मी ऐटीत लिहिलं होतं, यंत्रासोबत मोबाइल ॲप देणार. नमुना घेऊन मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात गेलो. शेठनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, "भाई, लाल लाइट थाय एटले बस." त्यांना ॲप नको होतं, एक लाल दिवा पुरे होता. हे मला त्याच दुपारी कळलं, आणि तरी पुढचे तीन महिने मी ॲपच करत बसलो, कारण पुढचा हप्ता ॲपवर अडकला होता. दिवा नंतर लावला, स्वतःच्या खिशातून.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. सातशे रुपयांच्या एका व्हॉल्व्हला आमच्याकडे तीन कोटेशनं लागत. तिसरं ज्याने दिलं त्याच्याकडे तो व्हॉल्व्ह नव्हताच, चहा पाजून लिहून घेतलं. डेमो डे, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ यात गेलेले दिवस मी मोजले नाहीत.

तसं आपल्या बडोद्याला असे अटी घालून दिलेले पैसे नवे नाहीत. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली, तीही परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. एवढ्या मोठ्या मनाच्या राजानेही कागद करून घेतलाच.

तर भाचेबुवा, पैसे घे. मात्र आधी कुठले घ्यायचे याचा हिशेब कर. केंद्र किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून १० लाखांहून जास्त मदत घेतली असेल तर सीड फंडाचं दार बंद. बक्षिसाची रक्कम त्यात धरत नाहीत. कंपनी दोन वर्षांहून जुनी झाली तरी अर्ज चालत नाही. आणि माइलस्टोनमध्ये यंत्रात काय काय असेल ते लिहू नकोस. 'पाच कारखान्यांत महिनाभर चाचणी' असं लिही. चाचणीत गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी तू मोकळा.

रविवारी करार घेऊन घरी ये. माझं ते ॲप अजून फोनमध्ये आहे, दाखवतो. आजवर उघडणारा मी एकटाच.