राजाच्या खोलीचा कार्पेट एरिया

गिझाच्या आवाराचे तिकीट काढल्यावर खुफूच्या पिरॅमिडच्या पोटात शिरण्यासाठी आणखी वेगळे तिकीट काढावे लागते. ते काढून, जेमतेम चार फूट उंचीच्या आणि २६ अंशांच्या चढाच्या बोळातून कमरेत वाकून चढताना माझे नाक ज्यांच्या पाठपिशवीवर सतत आपटत होते, ते गृहस्थ ठाण्याच्या एका गृहनिर्माण सोसायटीचे सचिव होते. हे त्यांनी न विचारताच सांगितले होते.

उतरणाऱ्या पर्यटकांना वाट देण्यासाठी आम्ही भिंतीला चिकटलो, तेव्हा त्यांनी मान न वळवता (वळवायला जागाच नव्हती) विचारले, "हा प्लॅन पास कुणी केला हो?"

"साडेचार हजार वर्षं झाली, आता तक्रार कुणाकडे करणार?"

"तसं नाही, साहेब. खाली खडकात एक खोली अर्धवट सोडलेली, मध्ये राणीची म्हणतात ती, जिच्यात राणी कधी ठेवलीच नाही, आणि वर राजाची. म्हणजे काम चालू असताना मालकानं दोनदा विचार बदलला. आमच्या बी विंगचं हेच झालं."

चीड याची, की लुडविग बोर्खार्ट या जर्मन अभ्यासकानेही हेच मांडले होते. पुढे अनेकांनी ते खोडून काढले. पण ते सांगण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता.

पुढच्या मोठ्या दालनात छत एकदम साडेआठ मीटरांवर गेले. मी पाठ सरळ करतो न करतो तोच, "यात तीन मजले निघाले असते," अशी हळहळ कानावर आली. राजाच्या खोलीत अस्वानचा लाल ग्रॅनाइट, अक्षरही नसलेल्या भिंती आणि कोपरा फुटलेली, बिनझाकणाची दगडी पेटी, एवढेच होते. सचिवांनी पावलांनी खोली मोजली, "कार्पेट पाचशे नव्वदच्या आत-बाहेर," असे जाहीर केले आणि छतावर एकावर एक पाच पोकळ्या आहेत हे कळताच, "पोटमाळे धरायचे नाहीत," अशी ताकीद मला दिली. जणू मी ते धरणार होतो.

ती पेटी चढाच्या बोळाच्या तोंडापेक्षा किंचित रुंद असल्यामुळे छत घालण्यापूर्वीच आत ठेवलेली असणार, म्हणजे वाकणे फक्त तिला चुकले. त्यातही २०२३ मध्ये उत्तरेच्या मूळ दाराजवळ दगडांमागे नऊ मीटर लांबीचा आणखी एक बोळ असल्याचे जाहीर झाले. त्याची उंची सुमारे दोन मीटर आहे, माणूस ताठ मानेने चालेल इतकी, आणि नेमका त्यालाच कुठून रस्ता ठेवलेला नाही.