खांब मोजले म्हणून काही होत नाही, आत्या

काल आत्याने फॅमिली ग्रुपवर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाचा तो "विज्ञानही हरलं" वाला फॉरवर्ड टाकला आणि वर फोन करून माझ्या आठ वर्षांच्या पोरीला विचारलं, देवळात खांब मोजले नाहीस ना गं? पोरीने दिवाळीत मोजले होते, एकेका खांबाला हात लावून, आकडा चुकला म्हणून परत पहिल्यापासून. आता रात्री पोरगी झोपेना. म्हणून हे लिहितोय.

म्हणे खांब आजवर कुणाला मोजताच आले नाहीत, आणि मोजले की विपरीत घडतं. अहो, किती खांब लागणार हे न मोजताच पाथरवटांनी दगड घडवायला घेतले होते का? आकडा जुळत नाही याचं कारण साधं आहे, भिंतीत अर्धे बसलेले धरायचे की नाही, पुढचा गरुड मंडप लाकडी आणि बऱ्याच नंतरचा, तो धरायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तुमचा आणि माझा आकडा वेगळा येणारच. यात शाप कुठून आला? देवी लेकरांना खांब मोजले म्हणून शिक्षा करते, असं पसरवणाऱ्यांना भक्त तरी कसं म्हणायचं?

"मूर्ती कधीच जागची हलली नाही" हेही खोटं. आक्रमणाच्या भीतीने ती लपवून ठेवली होती आणि १७१५ मध्ये कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात पुन्हा बसवली.

राहिला किरणोत्सव. तो खरा आहे, आणि बांधणाऱ्यांची कमाल आहे, हे मान्य. मावळतीचं ऊन महाद्वारातून गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा करत आत येतं, पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर. पण "वर्षातून दोनदाच का, नासालाही कळेना"? खगोलीय पंचांगात रवीची क्रांती बघा, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. किरणोत्सवाचे मधले दिवस १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी, दोन्ही वेळा दक्षिण १७ अंशांच्या आसपास. सूर्य सर्वात दक्षिणेला असतो त्या २१ डिसेंबरच्या अलीकडे ४१ दिवस, पलीकडे ४२. दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून ऊन त्याच वाटेने येतं, बस्स. ढग आले किंवा वाटेत इमारतीचा कोपरा आला की अडतंसुद्धा, तेव्हा हे फॉरवर्डवाले गप्प असतात.

आत्या, मेसेज काढ आणि पोरीला तूच फोन कर, माझं ऐकत नाहीये ती.