दोनशेचं टाका

पेट्रोल वाढलं की कुणीतरी हमखास लिहितं, 'आता तरी लोकांनी बसने जावं.' लिहिणाऱ्याकडे बहुतेक वेळा चारचाकी असते. दुचाकीवाला असलं काही लिहीत नाही, कारण त्याचा हिशेब करून झालेला असतो.

तो हिशेब एकदा मांडूनच टाकतो. पुण्यातला माणूस, घर धायरीकडे, काम बारा किलोमीटरवर. सिग्नल-खड्डे धरून स्कूटर लिटरला ४५ देते समजा, पेट्रोल १०४ रुपये. जाऊन-येऊन साधारण ५५ रुपये. आता बस. १ जून २०२५ पासून पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या शहर बसचं, किमान तिकीट ५ चं १० झालं आणि दहा ते पंधरा किलोमीटरच्या टप्प्याला ३० रुपये झाले. जाऊन-येऊन ६०. बायकोला मागे बसवून वाटेत तिच्या ऑफिसला सोडलं तर बसचे १२० पर्यंत होतील, स्कूटरचे तेच ५५.

टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स कुठे गेलं, असं कुणी विचारेलच. पण गाडी दारात उभी आहे, हप्ता चालू आहे, विमा भरून झालाय. उद्या बसने गेलो म्हणून त्यातलं काय परत येणार? वाचणार ते फक्त पेट्रोल, फार तर थोडं ऑइल.

माझा खरा राग पासावर आहे. महिन्याचा पास ९०० होता तेव्हा बस सरळसरळ जिंकत होती. सव्वीस दिवसांचं पेट्रोल १४३० चं, म्हणजे पाचशे रुपये हातात राहायचे. पाचशे रुपयांसाठी माणूस स्टॉपवर वीस मिनिटं उभा राहतो, गर्दीत लोंबकळतो, कुरकुरत का होईना पण जातो. त्याच भाडेवाढीत तो पास १५०० चा केला. म्हणजे उभं राहायचं, लोंबकळायचं आणि वर सत्तर रुपये जास्त द्यायचे. महामंडळ तोट्यात आहे हे मान्य. डिझेल, सीएनजी, पगार सगळंच वाढलंय. पण पेट्रोलने दमलेला माणूस दाराशी आलेला असताना आपणच कडी लावून घ्यायची?

एकदा पंपावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. 'झिरो बघा' म्हणत तो पोरगा नळी लावतो आणि समोरचा म्हणतो, 'दोनशेचं टाका.' लिटरमध्ये कुणी मागतच नाही. भाव चार रुपयांनी वाढला तरी आकडा दोनशेचाच. फरक कळतो तो काटा थोडा आधी लाल रेघेवर आल्यावर, आणि तोवर शिव्या घालायचा उत्साह ओसरलेला असतो. १६ जून २०१७ पासून दर रोज ठरायला लागले, तेव्हापासून तर 'आज मध्यरात्रीपासून वाढ' ही बातमीही गेली आणि आदल्या रात्रीच्या पंपावरच्या रांगाही.

चारचाकीवाल्याचं गणित वेगळं. शहरात लिटरला तेरा-चौदा मिळाले तर किलोमीटरला साडेसात ते आठ रुपये. बस त्याला कधीही स्वस्तच होती. तरी तो आला नाही, कारण त्याला पैसे नव्हे, एसी आणि बसायला जागा हवी आहे. मेट्रोत हे दोन्ही मिळतं. तिकीट १० ते ३५ रुपये, ठीकच आहे. पण स्टेशन घरापासून दोन किलोमीटर लांब असेल तर रिक्षा पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७. म्हणजे घर ते स्टेशनच ३३-३४ रुपये. बहुतेक वेळा मेट्रोपेक्षा मेट्रोपर्यंत जाणं महाग!

भाडं कमी केलं की लोक येतात, हे सांगायला परदेशी शहरांची उदाहरणं नकोत. मार्च २०२३ मध्ये महिलांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, त्यानंतर कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर जाऊन गर्दी बघायची.

पैसा कुठून आणायचा? पेट्रोल अजून जीएसटीबाहेर आहे. राज्य त्यावर व्हॅट घेतं आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे. २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावाने लिटरला दोन रुपये लावले होते. तेव्हा दुष्काळासाठी लावता आले, तर आता आहे त्यातलाच एक रुपया शहरांच्या बसला नाव घालून देता येणार नाही? नवा कर नको, आहे तोच. त्यातून पास पुन्हा ९०० वर आणा आणि सकाळी आठ ते दहा बस वाढवा. फुकट प्रवासाच्या घोषणा मला नकोत, प्रवास फुकट केल्याने बस वाढत नाहीत.

आणि कमेंटमध्ये 'सायकल चालवा' लिहिणाऱ्यांनी आधी जुलैमध्ये सिंहगड रोडने सकाळी नऊला एकदा जाऊन यावं, मग बोलू.