“डोंगरातल्या शेतकऱ्याची वंशावळ निघत नाही” म्हणे! एका रिटायर तलाठ्याचं उत्तर

जावयाच्या घरच्यांच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-चार महिन्यांनी फिरतो, आणि मागच्या आठवड्यात कुणीतरी त्याचं मराठी करून आमच्या इथल्या मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. त्यात असं की अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या घरांची वंशावळ काढायच्या भानगडीत पडू नका, कारण त्यांची नावं एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कजवळचं बेट, बोटीनं आलेल्या परदेशी लोकांची तपासणी तिथं व्हायची) बदलली, कोर्टं जळाली, माणसं निरक्षर, थडग्यांवर नावं नाहीत, सगळे एकजात स्कॉट्स-आयरिश (म्हणजे आयर्लंडमधून आलेले मूळचे स्कॉटिश), गरीब त्यामुळे गुलाम वगैरे काही नाही, लग्नं सगळी आपसात, आणि प्रत्येक घरात एक चेरोकी (तिकडची मूळ आदिवासी जमात) राजकन्या पणजी. शेवटी सल्ला, डीएनए किटमध्ये थुंका आणि पाठवा, घरबसल्या सगळं कळेल. त्याखाली हात जोडलेले तीन.

मी पाटण तालुक्यात तलाठी होतो, आता रिटायर. लेक व्हर्जिनियात असते, म्हणून वर्षातले चार-पाच महिने मी इकडं. जावई राज्याच्या नैऋत्य टोकाच्या डिकन्सन काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), आणि त्याच्या आजीला घरात सगळे मामॉ म्हणतात (आपल्या मामाशी काही संबंध नाही, तिकडं आजीला मामॉच म्हणतात). तिनं एकदा जुन्या खरेदीखताचा कागद माझ्यापुढं ठेवला आणि तेव्हापासून मला नाद लागला. लेक इंग्रजी वाचून दाखवते, कागद कशाचा आहे ते मी ओळखतो. तर आता एकेक मुद्दा घेऊ.

“एलिस आयलंडवर नावं बदलली”

हे पहिल्या फटक्यात पडतं. एलिस आयलंड उघडलं 1 जानेवारी 1892 ला, आणि जावयाचे पूर्वज तोवर शंभर वर्षं डोंगरात मका लावत होते. या भागातली बहुतेक घरं 1700 च्या शतकात आली, बरीचशी फिलाडेल्फियाला उतरली आणि ग्रेट वॅगन रोड नावाच्या जुन्या गाडीवाटेनं शेनान्डोआ खोऱ्यातून पिढी-पिढीनं खाली सरकली. 1892 नंतर कोळशाच्या खाणींवर इटालियन, हंगेरियन लोक आले, त्यांचीही नावं तिथं कुणी बदलली नाहीत, कारण बेटावरचा कारकून नाव स्वतः लिहीतच नव्हता, जहाज जिथून सुटलं तिथं बनलेली यादी समोर धरून तो फक्त ताडून बघायचा. नाव बदललं ते इथं राहायला लागल्यावर, शेजाऱ्याच्या तोंडात आणि कोर्टाच्या क्लार्कच्या कानात. श्मिटचा स्मिथ झाला, म्युलरचा मिलर, कोखचा कुक, आणि त्सिमरमान म्हणजे सुतार म्हणून तो सरळ कार्पेंटर. यातच “सगळे स्कॉट्स-आयरिश” हे पण निकालात निघतं. फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून 1727 पासून राजनिष्ठेची शपथ आणि सही घेत होते, त्या याद्या छापील मिळतात, आणि आज शुद्ध आयरिश म्हणून मिरवणाऱ्या किती घरांचा मूळपुरुष तिथं जर्मन अक्षरात सही करून बसलेला असतो.

“कोर्ट जळालं, संपलं”

कोर्टं जळाली हे खरंय. शेजारच्या ब्यूकॅनन काउंटीचे कागद 1885 च्या आगीत गेले आणि उरलेसुरले 1977 च्या पुरात भिजले. पण तलाठ्याला विचारा, कागद कधी एकाच ठिकाणी असतो का? गावच्या दप्तराची नक्कल तालुक्याला असतेच. व्हर्जिनियात 1782 पासून जमिनीच्या कराची आणि माणसं-जनावरांवरच्या कराची यादी दरवर्षी व्हायची आणि तिची एक प्रत राज्याच्या राजधानीला, रिचमंडला जायची, 1853 पासून जन्ममृत्यूच्या नोंदीही तशाच जायच्या, आणि सरकारनं दिलेल्या जमिनींच्या सनदा तर मुळातच राजधानीत. म्हणजे काउंटीचं कोर्ट जळालं तरी राज्याकडची प्रत शाबूत. व्हर्जिनियाची 1790 आणि 1800 ची जनगणना जवळपास सगळी गेलीय, तिथंही याच करयाद्यांवर काम चालतं. त्यात 16 वर्षांवरचे पुरुष मोजायचे, तर बापाच्या नावापुढं एका वर्षी 1 आणि पुढच्या वर्षी 2 आला की समजायचं पोरगं सोळाचं झालं, आणि जन्मदाखला नसताना जन्मवर्ष हातात.

खरं म्हणजे लोक अडकतात ते आगीमुळं नाही, चुकीच्या काउंटीत शोधल्यामुळं. डिकन्सन काउंटी झाली 1880 ला. मामॉच्या घरची जमीन त्याआधी वाईजमध्ये होती (1856), त्याआधी रसेल (1786), त्याआधी वॉशिंग्टन, त्याआधी फिनकॅसल, जी चारच वर्षं टिकली, त्याआधी बॉटेटॉर्ट (1770), आणि त्याआधी ऑगस्टा, जिचं कोर्ट 1745 ला सुरू झालं. जमीन जागची हलली नाही, तिच्यावरून सात नावं गेली. सांगलीकडच्या कुणी आजोबांचे कागद साताऱ्याच्या नावाखाली शोधलेत का कधी? 1949 ते 1960 तो जिल्हाच दक्षिण सातारा होता, त्यामुळं आपल्याला हे नवीन नाही.

म्हणून मी जावयाला पहिल्या दिवशी सांगितलं, नावाच्या मागं लागू नकोस, जमिनीच्या मागं जा. नाव एकाच खोऱ्यात चौघांना असतं, जमीन एकाच माणसाची असते. तिकडच्या खरेदीखतात आपल्यासारखी चतुःसीमाच असते, अमुक ओढ्यावरच्या पांढऱ्या ओकपासून डोंगराच्या धारेनं इतके पोल, मग पॉप्लरचं झाड, मग शेजाऱ्याचा कोपरा (एक पोल म्हणजे साडेसोळा फूट). शेजाऱ्यांची नावं फुकटात मिळतात, आणि डोंगरात सून बहुतेक शेजारच्याच घरातून आलेली असते. शिवाय नवरा जमीन विकायला लागला की बायकोचा एक तृतीयांशाचा हक्क सोडवून घ्यायला तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारायचे की बाई तू राजीखुशीनं देतेस का, आणि ते खतावर लिहायचे. आपली हक्कसोड म्हणा ना. जनगणनेत 1850 च्या आधी फक्त घरच्या कर्त्याचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे, त्यामुळं त्याआधीच्या बाईचं नाव मिळालं तर बहुतेक याच ओळीत मिळतं. आणि बाप मृत्युपत्र न करता गेला की वाटणीपत्रात सगळी पोरं, लग्न झालेल्या लेकी, त्यांचे नवरे, मिसूरीला निघून गेलेला एक भाऊ, सगळे एका पानावर.

“निरक्षर होते, काही लिहून ठेवलं नाही”

त्यांनी नसेल लिहिलं, त्यांच्याबद्दल ढीगभर लिहिलंय. सहीच्या जागी फुली असते, तर आपल्या जुन्या कागदात कुणब्याच्या नावापुढं निशाणी नांगर असायची तशीच समजा. 1832 च्या कायद्यानं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या म्हाताऱ्या शिपायांना पेन्शन मिळणार होती, त्यासाठी कोर्टात त्यांना ठरलेले प्रश्न विचारले: जन्म कुठं आणि कधी, वयाचा पुरावा आहे का, भरती झालास तेव्हा कुठं राहत होतास, त्यानंतर कुठंकुठं राहिलास. म्हातारा बोलला आणि क्लार्कनं उतरवून घेतलं. आपला हेळवी बैल घेऊन येतो आणि पिढ्या वाचून दाखवतो ना, तसं वाटतं ते वाचताना, फक्त इथं माणूस स्वतःचंच सांगतोय. विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून बायबलमधली जन्म-लग्नाची पानं फाडून जोडली, ती अजून त्या फायलीत आहेत.

शेतीचं तर विचारूच नका. 1850 ते 1880 च्या जनगणनेत शेतीचा वेगळा तक्ता आहे, कसलेली जमीन किती, पडीक किती, घोडे, दुभत्या गायी, डुकरं, मका, लोकर, लोणी, मध. आमचा पीकपेरा! मामॉला तो वाचून दाखवला तेव्हा तिनं माणसांची नावं ऐकून घेतली आणि लोण्याच्या आकड्यावर थांबली. म्हणाली, एवढं लोणी म्हणजे बाईनं वर्षभर रोज घुसळलंय, आणि नाव मात्र नवऱ्याचं लावलंय.

एक सावधगिरी सांगतो कारण मी स्वतः आपटलोय. त्या काळात सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नाही, एका भागात एकाच नावाचे दोघं असले की मोठा सीनियर, धाकटा ज्युनियर, मग ते चुलता-पुतण्या असोत नाहीतर लांबलांबपर्यंत नातं नसो. मी दोन महिने एका पुतण्याला मुलगा धरून पुढं गेलो होतो. आणि “सन-इन-लॉ” लिहिलंय म्हणून जावई समजू नका, सावत्र मुलालाही तेच लिहायचे.

“थडग्यांवर नावं नाहीत”

काहींवर नाहीत, शेतातलाच दगड उभा केलेला असतो. पण वसंत-उन्हाळ्यात डेकोरेशन डेला सगळं गोत टेकडीवरच्या घरच्या स्मशानात जमतं, फुलं घालतं, तिथंच जेवतं, आणि कुठला दगड कुणाचा हे म्हाताऱ्यांना पाठ असतं. ते लिहून घ्या, आधी. टेनेसीत नॉरिस धरण झालं (1936 ला पुरं झालं), तेव्हा बुडणाऱ्या जमिनीतली हजारो थडगी हलवली आणि त्यांच्या याद्या केल्या, उठवलेल्या कुटुंबांच्या फायली पण आहेत. कोयनेत गाव गेलेल्यांना कळेल मी काय म्हणतोय ते.

“चेरोकी राजकन्या पणजी”

हा मुद्दा नाजूक आहे, मेसेजवाल्यानं तो विनोदानं घेतलाय. आधी सोपं. चेरोकींमध्ये राजकन्या हा प्रकारच नव्हता, त्यांच्यात सात कुळं आणि कूळ आईकडून चालतं. खरंच नातं असेल तर कागद भरपूर आहेत. 1906 नंतर सरकारकडून भरपाई मिळणार म्हणून जवळपास 46 हजार अर्ज आले, गायन मिलर नावाच्या अधिकाऱ्यानं तपासले, आणि बहुतेक लोक बाद झाले. पण बाद अर्जातही आजी-आजोबांची, मामा-चुलत्यांची नावं आहेत, त्यामुळं चेरोकी नसलेल्यालाही तो अर्ज सोन्यासारखा.

आता अवघड भाग. घरात “आजी इंडियन होती” (म्हणजे तिकडची मूळ आदिवासी, आपली भारतीय नव्हे) असं का सांगत आले? कधी नुसती हौस, पण कधी त्यामागं भीती होती. व्हर्जिनियानं 1924 ला वंशशुद्धीचा कायदा केला, गोरे आणि बाकी सगळे अशी दोनच खाती, आणि जन्ममृत्यू नोंदणीचा प्रमुख वॉल्टर प्लेकर या माणसानं 1943 ला काउंटीवार आडनावांची यादी काढून पाठवली की या घरांना गोरं धरू नका. त्यात ली, स्कॉट, रसेल, वाईज या काउंट्या, म्हणजे आमचाच डोंगर. दाखल्यावर एक शब्द बदलला की शाळा बदलायची, लग्न बेकायदा व्हायचं. तो लग्नबंदीचा कायदा 1967 ला सुप्रीम कोर्टानं मोडला. अशा काळात सावळा रंग समजावून सांगायला इंडियन आजी किंवा पोर्तुगीज आजोबा ही सोयीची गोष्ट होती. टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या मेलंजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिश्र वंशाच्या घरांचा डीएनए अभ्यास 2012 ला आला, त्यात बापाकडच्या बऱ्याच ओळी आफ्रिकन निघाल्या आणि आईकडच्या युरोपियन. त्यामुळं राजकन्या नव्हती म्हणून हसून सोडून देऊ नका, ती गोष्ट कशावर पांघरूण घालत होती ते बघा. मी नोंदी लिहिण्यात आयुष्य घालवलंय, एका रकान्यात लिहिलेला एक शब्द माणसाचं काय करतो ते मला माहितीय.

“गरीब शेतकरी, त्यांच्याकडं कुठले गुलाम”

बहुतेकांकडं नव्हते, हे खरं. पण “नव्हतेच” हे घरात बसून सांगायचं नसतं, मृत्यूनंतरच्या मालमत्तेची यादी काढून बघायची. जावयाच्या एका खापरपणजोबाच्या यादीत दोन नांगर, एक घोडी, मधाच्या पेट्या, आणि त्याच क्रमानं पुढं एक बाई, फक्त पहिलं नाव, आणि किंमत. लेक वाचता वाचता गप्प झाली. 1850 आणि 1860 ला गुलामांचा वेगळा तक्ता होता, त्यात मालकाचं नाव आणि खाली नावं नाहीत, नुसतं वय, लिंग आणि रंग. त्या बाईच्या वंशजांना आपली माणसं 1870 च्या जनगणनेत पहिल्यांदा पूर्ण नावानं सापडतात आणि त्याआधीचं सापडलं तर असल्याच यादीत. म्हणून ती यादी जावयानं दडवली नाही, ऑनलाइन वंशवृक्षाच्या झाडात लावली.

“आपसातच लग्नं”

यावर मराठी माणसानं हसावं? मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्यांनी? चुलत-मावस भावंडांची लग्नं त्या काळात सगळ्या ग्रामीण अमेरिकेत होत होती. केंटकीतल्या निळ्या कातडीच्या घराण्याचं उदाहरण सगळे देतात, तो एका एन्झाइमच्या कमतरतेचा आजार होता, आणि 1960 च्या दशकात डॉक्टरनं मिथिलीन ब्लू हे औषध दिल्यावर रंग उतरला. एका ओढ्यावरचं घर, त्यावरून अख्खा डोंगर मोजायचा नाही.

“डीएनए किट घ्या”

घ्या की, मी नको म्हणत नाही, जावयानं केलंय. पण किट नातं आहे एवढंच सांगतं, कुठून आहे ते नाही. जिथं तीन घरांनी चार पिढ्या एकमेकांत लेकी दिल्या-घेतल्या तिथं दूरचा माणूसही जवळचा दिसतो, आणि पाचव्या पिढीतल्या खऱ्याखुऱ्या चुलत भावंडात कधीकधी काहीच जुळत नाही. टक्केवारी तर कंपनीनं अपडेट केली की बदलते, जावई मागच्या वर्षी जास्त आयरिश होता. आणि मॅच झालेल्या माणसाचं झाड बघायला गेलं तर त्यानं ते दुसऱ्याकडून कॉपी केलेलं, त्यात मुलगा आईच्या आधी जन्मलेला.

सध्या आमचं गाडं रसेल काउंटीच्या 1809 च्या करयादीवर अडलंय. (1808 ला कर घेतलाच नाही, त्यामुळं त्या वर्षाची यादी शोधत बसू नका, मी बसलो होतो.) एकाच नावाचे दोघं, एकाकडं दोन घोडे, एकाकडं एक, आणि आमचा कुठला ते खरेदीखताच्या चतुःसीमेवरून ठरणार. त्यात तिसऱ्या झाडाचं नाव लागत नाहीये, शाई पसरलीय, लेकीला ते बकआय वाटतं, मला बीच. फोटो ग्रुपवर टाकतोय, कुणाला जुनं वळण वाचता येत असेल तर बघा जरा.