कुत्र्याचा वास घालवण्याआधी तो येतोय कुठून ते बघा

कुत्रा पाळणाऱ्यांच्या गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: कुत्र्याला वास येणारच, त्यात काळजीचं काही नाही. आठवड्यातून दोनदा बेकिंग सोडा आणि व्हिनेगरने अंघोळ घाला. आपल्याच टूथपेस्टने त्याचे दात घासा. कच्चं हाड द्या, दात आपोआप साफ होतात. साचलेलं किटण टोकदार वस्तूने खरवडून काढा, कारण भूल देऊन दात साफ करणं जिवावर बेतू शकतं आणि तो निव्वळ पैसे काढायचा धंदा आहे. कानात व्हिनेगरचे थेंब सोडा, शेपटीखालच्या ग्रंथी दर महिन्याला दाबून रिकाम्या करा, आणि आठवडाभर वाट बघा. वास गेलाच म्हणून समजा.

हा संदेश पुढे पाठवणारी माणसं आपल्या कुत्र्यावर जीव टाकणारी आहेत, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. यातले बहुतेक उपाय वास चार दिवस दाबतात आणि तेवढ्या वेळात आतलं दुखणं पुढे सरकतं. दोन-तीन तर सरळ अपाय करणारे आहेत.

‘कुत्रा म्हटलं की वास आलाच’

यात थोडं तथ्य आहे. प्रत्येक कुत्र्याला स्वतःचा असा मंद वास असतो. अंग भिजलं की तो वाढतो, कारण केसांवरच्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेली द्रव्यं पाण्याच्या वाफेबरोबर हवेत सुटतात. अंग वाळलं की तो ओसरतो. पण अंघोळ घालून दोन-तीन दिवस होत नाहीत तोच परत येणारा कुबट, तेलकट वास वेगळा. फक्त कानापाशी, ओठाच्या घडीत किंवा बोटांच्या मधे येणारा वासही वेगळा. त्यामागे जवळजवळ नेहमीच काहीतरी कारण असतं.

तोंडाचंही तसंच. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला खाल्ल्यावर खाण्याचा वास येईल, पण तोंड जवळ आणल्यावर आपण मान फिरवावी इतकी घाण येत नाही. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्यांमध्ये हिरड्यांच्या आजाराची काही ना काही सुरुवात झालेली असते. छोट्या जातींमध्ये ती आणखी लवकर होते, कारण लहानशा जबड्यात तेच 42 दात दाटीवाटीने बसलेले असतात. इतक्या कुत्र्यांच्या तोंडाला वास येतो, की तो असायचाच असं आपण धरून चालतो. सर्रास आढळतं म्हणून ते निरोगीपणाचं लक्षण होत नाही.

हा वास पोटातून किंवा खाण्यातून क्वचितच येतो. दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो, तो हिरडीच्या खाली उतरतो. तिथे हवा पोचत नाही आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंचं फावतं. ते प्रथिनं कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन असे गंधकयुक्त वायू सुटतात. आपल्या नाकाला झोंबतात ते हेच.

स्वतः बघायचं असेल तर कुत्रा निवांत असताना त्याचा वरचा ओठ कोपऱ्याकडून हलकेच वर उचला. मागच्या बाजूला सगळ्यांत मोठा, टोकदार कडांचा एक दात दिसेल. लाळेच्या मोठ्या ग्रंथीची नळी त्याच्याजवळच उघडते, म्हणून किटण बहुधा पहिल्यांदा इथेच धरतं. आधी पिवळट, मग तपकिरी. किटणापेक्षाही त्याच्या वरची कड नीट बघा. हिरडी गुलाबी आहे, का दाताला टेकते तिथे लाल रेघ उमटली आहे? काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे सूज आणि ओठ हलवताना येणारं रक्त यांवरून अंदाज घ्यावा लागतो.

‘आपलीच टूथपेस्ट चालते’

चालत नाही. सगळ्या संदेशात मला सर्वांत धोक्याची वाटलेली ओळ हीच. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडी आणणारा पदार्थ असतो. आपल्याला तो निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या शरीरात त्यामुळे इन्सुलिन एकदम उसळतं आणि रक्तातली साखर कोसळते. कधी अर्ध्या तासाच्या आतच कुत्रा अडखळायला लागतो, उलटी करतो, त्याला झटके येतात. मात्रा जास्त असेल तर यकृत निकामी होऊ शकतं. पेस्टमध्ये झायलिटॉल नसलं तरी फ्लोराइड आणि फेस आणणारी द्रव्यं असतात. आपण चूळ भरून ती थुंकतो, कुत्रा सगळी गिळतो. रोज.

झायलिटॉल असलेली पेस्ट, च्युइंग गम किंवा माउथवॉश कुत्र्याच्या पोटात गेल्याचं कळलं, तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. फोन करताना वेष्टन हाताशी ठेवा.

दात घासायचा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर आहे. संदेश लिहिणाऱ्याला त्याचं श्रेय द्यायलाच हवं, कारण घरी करता येण्याजोगं यापेक्षा उपयोगाचं दुसरं काही नाही. फक्त पेस्ट कुत्र्यांसाठीची हवी आणि घासणं रोजचं हवं. मऊ थराचं कठीण किटण व्हायला दोन-तीन दिवस पुरतात, त्यामुळे रविवारच्या रविवार घासून फारसं काही साधत नाही. दातांची बाहेरची, गालाकडची बाजू आणि हिरडीची कड एवढ्यावर लक्ष दिलं तरी मोठं काम होतं. सुरुवात ब्रशने करू नका. काही दिवस नुसतं ओठ उचलून बोट फिरवा, मग ओल्या कापडाचा तुकडा, मग ब्रश. आणि हिरड्या आधीच लाल, दुखऱ्या असतील तर आधी त्यांच्यावर उपचार करून घ्या. दुखत्या हिरडीवर ब्रश फिरला की कुत्रा त्या ब्रशची धास्ती घेतो आणि मग तोंडाला हात लावू देत नाही.

‘हाड चघळलं की दात साफ’

चघळल्याने दाताच्या वरच्या भागावरचा थर थोडा घासला जातो, हे खरं. आजार मात्र हिरडीच्या खाली असतो आणि तिथे हाड पोचत नाही. ‘जंगलातल्या कुत्र्यांना कुठे दातांचे डॉक्टर असतात?’ असंही संदेशात विचारलेलं असतं. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या कवट्या अभ्यासकांनी तपासल्या आहेत. ताज्या शिकारीवर आणि हाडांवर जगलेल्या त्या प्राण्यांमध्येही हिरड्यांच्या आजाराच्या खुणा आणि तुटलेले दात सापडले.

मघाशी ओठ उचलून पाहिलेला मोठा दातच कडक हाड फोडताना बऱ्याचदा तडकतो. बाहेरच्या अंगाची ढलपी निघते, आतला गर उघडा पडतो, मुळाशी पू होतो आणि एके दिवशी डोळ्याच्या खाली सूज येते. घरच्यांना वाटतं, काहीतरी चावलं असेल. शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात, तो धोका आणखी वेगळा. चघळायला जे द्याल त्यात आपलं नख जोर लावल्यावर थोडं तरी रुतलं पाहिजे. रुतत नसेल तर ती वस्तू दाताला जड आहे. विकतच्या वस्तू घेताना ‘व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल’ची मान्यता आहे का ते बघा. चाचण्यांमध्ये थर किंवा किटण खरोखर कमी करणाऱ्या उत्पादनांनाच ती मिळते.

‘किटण घरीच खरवडा, भुलेच्या फंदात पडू नका’

भुलेची भीती मी समजू शकते. म्हातारा कुत्रा टेबलावर आडवा पडलाय, नळी लावलीय, हे चित्र कुणाच्याही पोटात गोळा आणणारं आहे. पण त्या भीतीपायी घेतलेल्या निर्णयाने कुत्र्याचे काय हाल होतात तेही बघायला हवं.

नखाने किंवा हत्याराने खरवडलं की दाताचा दिसणारा भाग पांढरा होतो. फोटो छान येतो. हिरडीखालचं किटण आणि जिवाणू होते तिथेच राहतात, त्यामुळे हाडाची झीज सुरूच राहते, फक्त आता ती कुणाला दिसत नाही. खरवडल्यामुळे दाताच्या आवरणावर बारीक चरे पडतात आणि नवा थर पहिल्यापेक्षा लवकर धरतो. डॉक्टर किटण काढल्यावर दात पॉलिश करतात ते याचसाठी. वर कुत्रा मध्येच हलला तर हत्यार हिरडीत किंवा जिभेत घुसतं. अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यांच्या व्यावसायिक संस्थेने, म्हणजे अमेरिकन व्हेटरिनरी डेंटल कॉलेजने, भूल न देता केल्या जाणाऱ्या अशा सफाईला स्पष्ट विरोध केला आहे, मग ती घरी होवो की दुकानात.

भूल देऊन काय होतं? प्रत्येक दाताभोवती बारीक खुणांची सळई घालून हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजतात. दातांचे एक्स-रे काढतात, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या दाताचं मूळ सडलेलं असू शकतं. हिरडीखालची सफाई करतात आणि वाचण्याजोगा नसेल तो दात काढतात. श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे पाणी आणि घाण फुफ्फुसात उतरत नाही. जागा कुत्रा यातलं काहीही करू देणार नाही, आणि त्याने ते सोसावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून आधी रक्ताच्या तपासण्या होतात, हृदय ऐकलं जातं, भूल चालू असताना श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवलं जातं. डॉक्टरांना विचारा: भुलेवर लक्ष ठेवायला वेगळं माणूस असेल का? एक्स-रे काढणार का? नंतर वेदनाशामक काय देणार? हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नुसतं वय जास्त आहे म्हणून कुत्रा भुलेला अपात्र ठरत नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत कसं आहे त्यावर ते ठरतं. सडके दात निघाल्यावर ‘वयामुळे थकलेला’ कुत्रा पुन्हा खेळायला लागला, असं कितीतरी घरांमधून ऐकू येतं. तो थकलेला नव्हता. त्याचं तोंड दुखत होतं, आणि दुखणं लपवण्यात कुत्रे फार पटाईत असतात.

‘सोडा-व्हिनेगरची अंघोळ’

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फसफस होते आणि दोघं एकमेकांचा परिणाम मारून टाकतात. उरतं ते बहुतांशी खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर एक अल्कधर्मी, दुसरं आम्लधर्मी. कुत्र्याची त्वचा साधारण उदासीन असते आणि तिचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. खाजवून सोललेल्या जागी व्हिनेगर लागलं की काय आग होत असेल याची कल्पना करा.

अंघोळीनंतरही परत येणाऱ्या कुबट वासामागे पुष्कळदा मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट असतं. ते प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडंफार असतंच. ॲलर्जीने त्वचा बिघडली, ओल राहिली, तेल वाढलं की ते बेसुमार पसरतं. काखा, गळ्याची खालची बाजू, मांड्यांचे सांधे आणि बोटांच्या बेचक्या बघा. केस चिकट लागतात, सतत चाटल्यामुळे पंजे तांबूस होतात, आणि दुखणं जुनं असेल तर कातडी काळी, जाड, सुरकुतलेली होते. डॉक्टर चिकटपट्टीने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांचं काम आहे.

त्यावर क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोल असलेले औषधी शांपू चांगले लागू पडतात. पण ते दहा मिनिटं अंगावर राहू द्यावे लागतात. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं: फेस झाला की लगेच धुऊन टाकतात आणि मग म्हणतात, औषधाचा गुण नाही. घड्याळ लावा, तेवढा वेळ कुत्र्याशी बोलत, हलका मसाज करत राहा, मग भरपूर पाण्याने धुवा आणि बेचक्यांसकट नीट कोरडं करा. आणि मूळची ॲलर्जी शोधा. पिसवांची, खाण्यातली, धूळ-परागकणांची, जी असेल ती. तिच्यावर इलाज झाला नाही तर शांपू थांबताच वास परत येईल.

अत्तरं आणि सुगंधी तेलं अंगावर चोळू नका. टी ट्री तेल तर शुद्ध स्वरूपात कुत्र्यांना विषारी आहे. त्याने थरथर, अशक्तपणा, चालताना तोल जाणं असे प्रकार झालेले आहेत.

कान आणि ग्रंथी

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. वास येणाऱ्या कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे घरी कळत नाही. तो फाटलेला असेल तर व्हिनेगर थेट मधल्या कानात जातं, आणि तोल जाण्यापासून बहिरेपणापर्यंत काहीही होऊ शकतं. कान दुखतोय, लाल आहे, त्यातून तपकिरी किंवा पिवळा स्राव येतोय, तर काहीही घालण्याआधी तपासून घ्या. कापसाच्या काड्यांनी मळ आणखी आत ढकलला जातो.

शेपटीखालच्या ग्रंथी बहुतेक कुत्र्यांमध्ये शी करताना आपोआप रिकाम्या होतात. गरज नसताना दर महिन्याला दाबल्याने उलट त्यांना सूज येऊ शकते. एकाएकी मासळीसारखा उग्र वास आला, कुत्रा जमिनीवर ढुंगण घासू लागला, तर मात्र त्या तुंबल्या असतील. दाखवून घ्या.

‘आठवडाभर वाट बघा’

काही वासांच्या बाबतीत आठवडा फार होतो. श्वासाला लघवीसारखा, अमोनियाचा वास येतोय आणि कुत्रा खूप पाणी पितोय, तर मूत्रपिंडं तपासायला हवीत. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, त्याबरोबर उलट्या आणि मरगळ असेल तर मधुमेह हाताबाहेर गेल्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाएकी घाण वास सुटला, कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतोय, लाळ गळतेय, तर टाळूवर दोन दाढांच्या मधे काडी आडवी अडकलेली असू शकते. लाळेत रक्त, एकाच बाजूने चावणं किंवा हिरडीवर गाठ, यात तोंडातल्या कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते, आणि तिथे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

डॉक्टरांकडे नेण्याआधी अंघोळ घालू नका, कान पुसू नका. वास नेमका कुठून येतो, कधीपासून येतो, अंघोळीनंतर किती दिवसांनी परत येतो, पाणी पिणं वाढलंय का, एवढं लिहून घेऊन जा.